विश्लेषण : गाडीचा तडकलेला बंपर घरी दुरुस्त करता येतो का?

उल्हासनगरमधील अरुंद गल्ल्या, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ये-जा करणारी अवजड वाहने आणि बदलापुरात पावसाळ्यात रस्त्यांवर साचणारे पाणी. या तीन शहरांत मोटार बाळगणाऱ्याच्या बंपरला कधी ना कधी तडा जातोच. गॅरेजमध्ये नेल्यावर ‘बदलावाच लागेल’ असे सांगितले जाते आणि घरी झटपट गोंद लावून जोडलेला बंपर चार दिवसांत पुन्हा सुटतो. प्रत्यक्षात बंपरचे प्लास्टिक कोणते आणि ते जोडले कसे जाते हे ठाऊक असेल, तर लहान तडे थोडक्या साहित्यात घरच्या घरी भरून काढता येतात. मात्र, कोणत्या तड्याला हात लावू नये, हे आधी समजून घ्यायला हवे.

बंपर तडकतो कशामुळे?

बहुतेक तडे अपघातातले नसतात. ते वाहन उभे करताना किंवा काढताना पडतात. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर वसले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. छावणीच्या बराकींभोवती वाढलेल्या वस्त्यांमधील गल्ल्या मोटारींच्या हिशेबाने आखलेल्या नाहीत. रिक्षाचे चाक, दुचाकीचा फूटरेस्ट, दुकानाची पायरी यांचा कोपरा बंपरला लागतो आणि एका जागी जोर आल्याने प्लास्टिक चिरते.

दुसरे कारण खालून येते. उंच गतिरोधक, खड्डा किंवा पार्किंगमधला सिमेंटचा अडथळा बंपरच्या खालच्या कडेला घासतो. तिसरे कारण पाणी. साचलेल्या पाण्यातून गाडी वेगाने नेली की समोर पाण्याची भिंत तयार होते. तिचा दाब बंपर आणि इंजिनाखालच्या पत्र्यासारख्या प्लास्टिक आवरणावर येऊन क्लिपा तुटतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. तसल्या पुरात गाडी घालण्याचा प्रश्नच नाही, पण वीतभर पाण्यातला वेगही क्लिपा सैल करायला पुरेसा असतो. क्लिप तुटलेला बंपर महामार्गावर वाऱ्याने थरथरतो आणि बोटभर तडा हातभर होतो.

बंपर नेमका कशाचा असतो?

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला क्रोमचा मुलामा दिलेले लोखंडी बंपर असत. त्याला पोचा आला की ठोकून सरळ करता येई. युरोपात १९७२ मध्ये आलेल्या ‘रेनॉ ५’ या मोटारीपासून प्लास्टिकच्या बंपरचा प्रसार सुरू झाला. प्लास्टिक हलके असते, हव्या त्या आकारात साच्यातून काढता येते आणि हलका धक्का बसल्यास पुन्हा मूळ आकारात येते.

आज ज्याला बोलीत बंपर म्हटले जाते, ते खरे तर बाहेरचे आवरण असते. साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या या आवरणामागे अनेक गाड्यांमध्ये धक्का शोषणारा फोमचा थर आणि त्यामागे धातूची आडवी पट्टी असते. टकरीचा भार ही पट्टी पेलते, आवरण नव्हे. त्यामुळे आवरणाचा तडा बुजवल्याने गाडीची मूळ मजबुती वाढत नाही आणि तो तसाच राहिल्याने लगेच कमीही होत नाही. परंतु आवरण अखंड दिसत असताना मागची पट्टी वाकलेली असू शकते. म्हणून दुरुस्तीची सुरुवात तड्यापासून न करता तड्याच्या मागे पाहण्यापासून करावी.

गोंदाने तो चिकटत का नाही?

बहुतेक मोटारींचे बंपर पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकमध्ये रबरासारखा लवचीक घटक मिसळून केलेले असतात. घरातल्या बादल्या आणि डबेही पॉलिप्रॉपिलिनचेच असतात. अशा बादलीवर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होऊन ओघळतात. गोंदाचेही तेच होते. या प्लास्टिकचा पृष्ठभाग द्रवाला धरून ठेवत नाही. त्यामुळे झटपट गोंद, दोन नळ्यांतले मिश्रण किंवा मळून लावायची पुट्टी वरवर कडक होते, पण प्लास्टिकमध्ये मुरत नाही. बंपर जरा वाकला की ती खपलीसारखी निघते.

त्यातच गोंद कडक आणि बंपर लवचीक असतो. उन्हात बंपर प्रसरण पावतो, गारव्यात आकसतो. कडक गोंदाची रेघ त्याच्यासोबत हलत नाही आणि तडा पुन्हा उघडतो. यावरचा उपाय चिकटवणे नव्हे, वितळवणे हा आहे. पॉलिप्रॉपिलिन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते. तड्याच्या दोन्ही कडा आणि त्याच जातीचे थोडे प्लास्टिक एकत्र वितळवले की ते एकजीव होतात. म्हणजे हे काम चिकटवण्यापेक्षा वेल्डिंगच्या जवळचे आहे.

प्लास्टिकची जात कशी ओळखायची?

बंपरच्या आतल्या बाजूला बहुधा इंग्रजी अक्षरांत उठावाचा शिक्का असतो. ‘पीपी’ किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ असे लिहिले असेल, तर ते पॉलिप्रॉपिलिन. पुढे ‘टी२०’ असेल, तर त्यात वीस टक्के टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे. ‘एबीएस’ असेल, तर प्लास्टिक वेगळे. ते अधिक कडक असते, त्याला काही गोंद चांगले धरतात आणि जाळी किंवा शोभेच्या पट्ट्यांसाठी ते जास्त वापरले जाते. ‘पीयूआर’ असा शिक्का असलेले पॉलियुरेथेन सहसा वितळत नाही, जळते. त्यावर गरम हत्यार चालवू नये. बाजारातून बसवलेले काही बॉडी किट फायबर ग्लासचे असतात. ते रेझिन आणि काचतंतूंच्या कापडाने जोडले जातात.

शिक्का सापडला नाही, तर प्लास्टिकचा तुकडा पाण्यात टाकून पाहण्याची जुनी युक्ती सांगितली जाते. तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन. पण टाल्क मिसळलेला तुकडा बुडू शकतो, त्यामुळे या युक्तीवर विसंबू नये. आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर गरम टोकाने जोडपट्टीचा छोटा तुकडा वितळवून पाहणे अधिक खात्रीचे. गार झाल्यावर तो नखाने उचकटला गेला, तर दोन्ही प्लास्टिक वेगळ्या जातीची आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी काय तपासावे?

बॉनेट आणि दिव्यांमधील फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, रेडिएटरखाली ओल आहे का, दरवाजे आणि बॉनेट नेहमीसारखे बंद होतात का, हे आधी पाहावे. फट एका बाजूला वाढली असेल, तर धक्का आवरणाच्या मागे पोहोचला आहे. अशी गाडी थेट गॅरेजमध्ये न्यावी.

बंपर काढताना चाकावरच्या आवरणातील स्क्रू, बॉनेटखालच्या क्लिपा आणि खालचे बोल्ट काढावे लागतात. प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, तर परत बसवताना एखादा स्क्रू हातात उरत नाही. फॉग लॅम्प आणि सेन्सरच्या वायरींचे जोड दाबून सोडवावेत, वायर ओढू नये. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंपरवर असेल, तर ती काढण्याच्या फंदात पडू नये. तिचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा वापरता येत नाहीत. प्लेट बंपरवरच ठेवून काम करावे आणि नंबरप्लेटशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

घरी दुरुस्ती कशी करायची?

लागणारे साहित्य असे : सोल्डरिंग आयर्न, शक्यतो तापमान कमी-जास्त करता येणारा, बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी, त्याच जातीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, तीन मिलिमीटरचा ड्रिल, धारदार ब्लेड, ८०, १८०, ३२० आणि ६०० क्रमांकाचे पॉलिश पेपर, हातमोजे, चष्मा आणि धूर अडवणारा मास्क. जाळीऐवजी नागमोडी पिना प्लास्टिकमध्ये रुतवणारा हॉट स्टेपलरही मिळतो. जोडपट्टीसाठी भंगारवाल्याकडून तोच शिक्का असलेल्या तुटक्या बंपरचा तुकडा घेणे सर्वात सोपे.

काम उघड्यावर करावे. बंद खोली, पेट्रोलची टाकी किंवा रंगाचे डबे जवळ नकोत. आगीची ज्योत वापरू नये.

एक, बंपर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. मेण, पॉलिश किंवा तेलाचा अंश राहिला तर जोड धरत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग आतून-बाहेरून दोन-तीन सेंटीमीटर घासून काढावा. रंग प्लास्टिकमध्ये वितळू देऊ नये.

दोन, तडा जिथे संपतो, त्या टोकाला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. ताण तड्याच्या अणकुचीदार टोकाशी एकवटतो. गोल छिद्रामुळे तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. हा टप्पा गाळला, तर दुरुस्तीच्या पुढे नवा तडा दिसण्याची शक्यता असते.

तीन, दोन्ही कडा नेमक्या समोरासमोर आणून बाहेरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. बंपर वाकडा झाला असेल, तर केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा गरम पाण्याने मऊ करून हाताने आकारात आणावा. कडा वरखाली राहिल्या, तर पुढे पुट्टीचा जाड थर लागतो आणि तोच नंतर तडकतो.

चार, आतल्या बाजूने तड्यावर जाडीच्या निम्म्यापर्यंत ‘व्ही’ आकाराची खाच करावी. गरम टोकाने दोन्ही कडा आणि जोडपट्टी एकाच वेळी वितळवत, ढवळल्यासारखे फिरवत खाच भरावी. केवळ वरून पट्टी वितळवून ओतली, तर खालचे प्लास्टिक गारच राहते आणि जोड कच्चा होतो. धूर येऊ लागला किंवा प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडले, तर उष्णता जास्त झाली आहे. जळलेले प्लास्टिक जोड धरत नाही. तेवढा भाग खरवडून पुन्हा करावा.

पाच, त्यावर तड्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटीमीटर पोहोचेल एवढी जाळी ठेवून ती मऊ प्लास्टिकमध्ये बुडवावी आणि वर जोडपट्टीचा पातळ थर द्यावा. पिना वापरायच्या असतील, तर त्या तड्याला आडव्या, एकमेकींपासून सुमारे एक ते दीड सेंटीमीटरवर, अर्ध्या जाडीपर्यंतच रुतवाव्यात. आरपार गेल्या तर बाहेरून डाग दिसतात.

सहा, हा भाग आपोआप थंड होऊ द्यावा, पाणी ओतू नये. मग चिकटपट्टी काढून बाहेरच्या बाजूने तशीच खाच करून भरावी. उंचवटा ब्लेडने छाटून ८० आणि नंतर १८० क्रमांकाच्या पेपरने सपाट करावा. पॉलिप्रॉपिलिन जोरात घासले की त्याला केसाळ तुसे येतात. त्यामुळे घासण्याआधी छाटण्यावर भर द्यावा.

रंगकाम घरी जमते का?

जोड पक्का होणे आणि तो न दिसणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले घरी साधते, दुसरे दर वेळी साधेलच असे नाही. उरलेले खळगे प्लास्टिकसाठीच्या लवचीक पुट्टीने पातळ भरावेत. पत्र्यासाठीची नेहमीची पुट्टी बंपर वाकताच फुटते. ३२० क्रमांकाच्या पेपरने सपाट केल्यावर उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, मारावा. तो गाळल्यास रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. मग प्रायमर, ६०० क्रमांकाच्या पेपरने ओली घासाई, रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि शेवटी पारदर्शक लॅकर.

गाडीचा रंग संकेतांक बहुतेक वेळा दरवाजाच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. पांढऱ्या किंवा काळ्या साध्या रंगाची छटा स्प्रेच्या डब्यातून बरीच जुळते. चंदेरी, मोतिया छटा कणांच्या दिशेवर अवलंबून असते, शिवाय जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. तिथे फरक दिसणारच. हार्डनर मिसळून वापरायच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासाद्वारे शरीरात गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्यापासून संरक्षण देत नाही. हे काम योग्य मास्क आणि हवा खेचणारी सोय असलेल्या रंगाच्या गॅरेजवरच सोपवावे.

येथे हवामानही आडवे येते. पावसाळ्यातील दमट हवेत रंग वाळताना पृष्ठभागावर ओलावा बसतो आणि पांढुरकी झाक येते. म्हणून पावसाळ्यात तडा जोडून प्रायमर मारून ठेवावा आणि रंगासाठी कोरड्या दिवसांची वाट पाहावी. लहान तड्याचा जोड करून घ्यायचा आणि रंग मात्र गॅरेजमध्ये काढायचा, असा मधला मार्गही आहे.

कोणत्या बंपरला हात लावू नये?

बंपर गाडीला धरून ठेवणारे कान, खाचा किंवा ब्रॅकेट तुटले असतील, तर घरी केलेला जोड वेगात धावताना टिकेलच असे नाही. बंपर सुटून मागच्या दुचाकीस्वारासमोर पडणे ही किरकोळ बाब नाही. हाताच्या पंज्याहून मोठा तुकडा गायब असेल किंवा तड्यांचे जाळे पसरले असेल, तर नवा बंपर शहाणपणाचा.

दुसरी मर्यादा सेन्सरची. १ जुलै २०१९ पासून देशात नव्या मोटारींना मागील पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत. त्यांच्या छिद्राभोवतीचा आकार बदलला किंवा सेन्सरच्या तोंडावर रंगाचा जाड थर बसला, तर अंतर चुकीचे मोजले जाते. आपोआप ब्रेक लावणाऱ्या किंवा शेजारून येणाऱ्या वाहनाची सूचना देणाऱ्या गाड्यांत बंपरमागे रडार असू शकते. रडारच्या समोर जाळी, पिना, पुट्टी किंवा धातूचे कण असलेला जाड रंग चालत नाही. अशा गाडीची दुरुस्ती कंपनीच्या पद्धतीनेच व्हायला हवी.

पुन्हा तडा जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी ‘क्रॅश गार्ड’ बसवण्याचा मोह अनेकांना होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरवून राज्यांना कारवाई करण्यास सांगितले. धक्का शोषण्याऐवजी तो थेट सांगाड्याकडे नेणारा हा गार्ड पादचाऱ्यासाठीही घातक असतो.

विम्याचा दावा करावा का?

प्रमाणित सर्वसमावेशक विम्यात प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रंगकामाच्या बिलातील २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावरही ५० टक्के घसारा लागतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये मालकाने भरायचे असतात.

उदाहरणार्थ, लहान गाडीच्या बिलात बंपर ४,००० रुपये, रंगकाम ४,००० रुपये आणि मजुरी १,००० रुपये असे ९,००० रुपये धरू. बंपरचे २,००० आणि रंगाचे ५०० रुपये घसाऱ्यात जातील. त्यात १,००० रुपयांची अनिवार्य वजावट मिळवली, तर मालकाच्या खिशातून ३,५०० रुपये जातील आणि विमा कंपनी ५,५०० रुपये देईल. आता ‘नो क्लेम बोनस’ पाहू. पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सवलत मिळते. सध्या ३५ टक्के सवलत असलेल्याला दावा केला नाही, तर पुढील नूतनीकरणात ४५ टक्के मिळतील. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये असेल, तर ही सवलत ३,६०० रुपयांची. दावा केला की ती शून्यावर येते. म्हणजे ९,००० रुपयांच्या कामासाठी पहिल्याच वर्षी ७,१०० रुपयांचा भार मालकावर पडतो आणि पुढच्या वर्षीही सवलत २० टक्क्यांपासूनच सुरू होते.

‘झीरो डेप्रिसिएशन’ किंवा बोनस संरक्षणाची जोड असेल, तर हे गणित बदलते. केवळ तडा असेल, तर दावा न करणे बऱ्याचदा परवडते. मागची पट्टी, दिवा किंवा रेडिएटर दुखावला असेल, तर दावा करावा. मात्र, तशी शक्यता वाटत असल्यास बंपर खोलून काम सुरू करण्याआधीच कंपनीला कळवावे. घरी दुरुस्ती झाल्यावर मूळ नुकसान दाखवता येत नाही.

दुरुस्ती टिकली हे कसे समजेल?

बंपर बसवण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही बाजूंना हात धरून तो हलकेच वाकवावा. जोडाची रेघ पांढरी पडली किंवा बारीक कुरकुर ऐकू आली, तर वितळणे अपुरे झाले आहे. रंग देण्याआधीच ते पुन्हा करावे. बसवल्यावर तुटलेल्या सर्व क्लिपा नव्या घालाव्यात, कारण सैल बंपरवरचा चांगला जोडही थरथरीने सुटतो. पंधरा दिवस गाडी चालवून, एकदा पावसातून नेऊन, जोडाची रेघ आणि ड्रिल केलेली जागा पुन्हा पाहावी. तडा तिथेच थांबला असेल, तर दुरुस्ती पार पडली. पुढे सरकला असेल, तर तो बंपर आता बदलायला हवा.